सावकाराचे ते पान पुन्हा वाचा



कृषी विस्तार अधिकाऱ्याचा लेख म्हटला की तुम्ही खोडकिडा, करपा, नाहीतर युरियाची मात्रा यांचीच अपेक्षा करणार, आणि त्यात तुमचे काही चुकत नाही. बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो तेव्हापासून मी तेच सांगत आलो आहे. आज मात्र फवारणीचा पंप बाजूला ठेवतो आणि एका पुस्तकाविषयी, दोन-तीन चित्रपटांविषयी आणि आपल्या घरांत न बोलल्या जाणाऱ्या एका गोष्टीविषयी लिहितो. रोवणी आटोपली आहे, बांधीत पाणी आहे, हाताला थोडी सवड आहे. तेवढ्यात हा लेख घरच्या मंडळींना वाचून दाखवा. मनातल्या मनात वाचू नका, मोठ्याने वाचा. का, ते पुढे येईलच.

काही वर्षांपूर्वी माझ्या कामाच्या भागातील एका शेतकऱ्याने आपला जीव दिला. गावाचे नाव सांगत नाही, माणसाचेही नाही. कागदपत्रांच्या कामासाठी मी त्याच्या घरी गेलो होतो. कर्ज किती होते, असे मी त्याच्या पत्नीला विचारले, तर ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने पत्र्याची पेटी उघडून कागदांची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि मी एकेक कागद वाचून आकडे सांगत गेलो. सोसायटीचे इतके, खाजगी इतके, दुकानाची उधारी इतकी. वीस वर्षांच्या संसारात ती बाई हे आकडे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होती.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागून राहिली. त्याच हंगामात मी त्याच्या बांधीवर तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा तुडतुड्यांची चौकशी केली. माझ्या डायरीत तिन्ही भेटींची तारीखवार नोंद आहे, एका चुडात किती तुडतुडे मोजले तेही लिहिलेले आहे. माणसाबद्दल त्यात एक अक्षर नाही.

त्यानंतर बरेच दिवस झोप नीट लागेना. अशाच एका रात्री मुलीच्या जुन्या पुस्तकांतून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हाती लागले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते शाळेत वाचले असेल, निदान त्यातला एखादा धडा तरी. मीही वाचले होते. पण लहानपणी वाचलेले पुस्तक पन्नाशीला पुन्हा वाचले तर ते दुसरेच पुस्तक निघते.

आधी हे पुस्तक कसे लिहिले गेले ते ऐका. स्वातंत्र्याच्या चळवळीत साने गुरुजी अनेकदा तुरुंगात गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत; ती प्रवचने आज आपल्यापुढे आहेत ती गुरुजींच्या त्या लिहिण्यामुळे. पुढे नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आपल्या आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ फेब्रुवारीला संपवल्या. पाच दिवसांत रात्रीमागून रात्रीच्या कथा. आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. १९१७ साली ती गेली तेव्हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता; शेवटच्या घटकेला तो तिच्याजवळ नव्हता. पंधरा वर्षे मनात मुरलेले दुःख पाच दिवसांत कागदावर आले. धरणाचे दार उघडल्यावर पाणी येते तसे.

आता त्यातली खुबी पाहा. गुरुजींचे नाव पांडुरंग, पण पुस्तकातल्या मुलाचे नाव श्याम. घर तेच, गाव तेच कोकणातले, आई तीच, नाव मात्र दुसरे. शिवाय हा श्याम मोठा झाल्यावर आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री प्रार्थनेनंतर आईची एकेक गोष्ट सांगतो आहे, अशी मांडणी. म्हणजे तुरुंगात बसलेल्या माणसाने आपले दुःख दुसऱ्या नावाच्या माणसाच्या तोंडी घातले आणि ते ऐकायला समोर चार प्रेमाची माणसे बसवली. सारे पुस्तक त्या बैठकीवर उभे आहे. ऐकणारे नसते तर श्याम बोललाच नसता, असे मला वाटते.

आपण सारे त्यातली पायांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरल्याची गोष्ट लक्षात ठेवतो. चांगली आहे. पण शेतकऱ्याच्या घरात वाचायची पाने पुढे आहेत. श्यामचे घराणे एके काळचे खोताचे, पुढे खालावलेले. कर्ज वाढते. वसुलीला आलेला सावकाराचा माणूस घरात येऊन आईला लागेल असे बोलतो. मग जप्ती येते आणि गावात अब्रू जाते. ही पाने लिहिताना गुरुजींनी काही झाकले नाही. वडील गप्प राहतात, आई आतून तुटत जाते, मुलगा पाहत असतो, हे सारे तिथे आहे. १९३३ साली लिहिलेली ती पाने मी वाचली तेव्हा पत्र्याच्या पेटीतली गुंडाळी माझ्या डोळ्यांपुढे आली.

मग मी एक गोष्ट ठरवली. धानोरा तालुक्यात आपल्या मेंढा (लेखा) गावाची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. तिथल्या लोकांनी अभ्यासगट केले, कायदे आणि सरकारी कागद एकत्र बसून वाचले, त्यांवर बोलले, सर्वांच्या संमतीने निर्णय घेतले आणि २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्यात एकट्याने कोपऱ्यात बसून वाचणारे विद्वान नव्हते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मग सारे बोलतात. मला वाटले, कायदा असा वाचता येतो तर गोष्ट का नाही?

गेल्या हिवाळ्यात धानाचा चुरणा उरकल्यावर एका गावी शेतीशाळेच्या निमित्ताने माझे चार-पाच मुक्काम झाले. शेकोटीभोवती माणसे बसत. मी पुस्तक काढले आणि नववीतल्या एका मुलीच्या हाती दिले. ती मराठीत वाचायची आणि म्हाताऱ्या बायांना गोंडीत समजावून सांगायची. पहिल्या रात्री लहान मुलेच जास्त होती. मोठे पुरुष मागे उभे राहून बिडी ओढत होते. शाळेतले काहीतरी चालले आहे, असा त्यांचा चेहरा. तिसऱ्या रात्री मी मुद्दाम कर्जाचे प्रकरण वाचायला सांगितले.

ती मुलगी वाचत होती आणि मागची कुजबूज थांबली. बिड्या विझल्या. वाचून झाल्यावर कोणी काही बोलेना. मग अंधारातून एका शेतकऱ्याचा आवाज आला, “बाई, थे सावकाराचं पान अजून एकडाव वाच ना.” तिने पुन्हा वाचले. त्यावर चर्चा वगैरे काही झाली नाही. माणसे उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना तो शेतकरी आला. हातात मुलाची शाळेची वही. म्हणाला, “साहेब, तुमी लिवा, मी सांगतो.” मी लिहीत गेलो. आकड्यांपासून सुरुवात झाली, पण आकड्यांवर तो थांबला नाही. बैल कसा मेला, मुलीच्या लग्नात कोण काय बोलले, बाजारातून येताना कोणाचे दार चुकवून मागच्या वाटेने येतो, सारे. तीन पाने झाली. शेवटी म्हणाला, “आता वाचून दाखवा.” मी वाचले. स्वतःचीच गोष्ट तो दुसऱ्याची असल्यासारखी ऐकत होता. मी म्हटले, “भाऊ, हे आता घरी वाचून दाखवा.” त्याला ते पटले नाही. पण वही तो घेऊन गेला.

इथे थोडे थांबून एक कबुली देतो. आम्ही सरकारी माणसे आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहितो. माणूस समोर बसून मनातले सांगत असतो आणि आम्ही लिहितो, ‘विषय : पीक नुकसान भरपाई मिळणेबाबत.’ बाकीचे सारे गाळतो. अर्जाला तेच हवे असते, हे खरे. पण गाळलेले कुठे जाते?

हाच प्रश्न धरून काढलेला एक हिंदी चित्रपट आहे, श्याम बेनेगल यांचा ‘वेलकम टू सज्जनपूर’. तो २००८ साली आला. श्रेयस तळपदेने त्यात महादेव नावाच्या तरुणाचे काम केले आहे. शिकलेला आहे, नोकरी नाही, कादंबरीकार व्हायची हौस आहे, म्हणून गावात बसून लोकांची पत्रे लिहून देतो. मुंबईला कामाला गेलेल्या नवऱ्यासाठी पत्र लिहून घ्यायला एक बाई येते, तर हा पठ्ठ्या तिच्यावर भाळून पत्रात मुद्दाम उलटसुलट लिहितो. चित्रपट हसवत हसवत पुढे जातो आणि शेवटी कळते की आपण पाहिले ती महादेवने लिहिलेली कादंबरी होती. गावाची सुखदुःखे ऐकता ऐकता त्याच्या हातून पुस्तक झाले. मुलांच्या मोबाइलवर मिळाला तर घरच्यांसह पाहा.

असाच एक चित्रपट दूर ब्राझील देशात १९९८ साली निघाला, ‘सेंट्रल स्टेशन’. वॉल्टर सॅलेस हा त्याचा दिग्दर्शक. रिओ शहराच्या रेल्वे स्टेशनवर एक निवृत्त शिक्षिका टेबल मांडून अडाणी लोकांची पत्रे लिहून देते. पैसे घेते, पण पत्रे टाकत नाही. घरी नेऊन त्यांची चेष्टा करते. माणसांच्या दुःखावर तिचा विश्वासच उरलेला नाही. पुढे आई अपघातात गेलेल्या एका पोराला त्याच्या बापाकडे पोचवायची वेळ तिच्यावर येते आणि त्या लांबच्या प्रवासात ती बदलते. शेवटी बसमध्ये बसून ती त्या पोराला पत्र लिहिते. जन्मभर दुसऱ्यांची पत्रे लिहिणाऱ्या बाईचे ते स्वतःचे पत्र. तिच्या डोळ्यांना धार लागलेली असते. मला हा चित्रपट पाहून स्वतःचीच लाज वाटली, कारण न टाकलेली पत्रे माझ्याही खात्यावर पुष्कळ आहेत.

आपल्या झाडीपट्टीला चित्रपटांचे कौतुक कशाला सांगायचे, म्हणा. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव येतात आणि होळीपर्यंत रात्री जागत्या असतात. या रंगभूमीवर उभी हयात घालवणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. थंडीत घोंगडी घेऊन बसलेल्या आपल्या बाया रंगमंचावरच्या आईसाठी पदराने डोळे पुसतात ते तुम्ही पाहिले असेल. शहरातले लोक त्याला हसतात. मी हसत नाही. त्या बाईला तिच्या घरच्या कारणासाठी रडायची कोणी मुभा दिलेली नसते. नाटकातल्या आईच्या नावाने ती आपले रडून घेते. गुरुजींनी श्याम हे नाव घेतले, त्यातही मला हेच दिसते.

‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमाला आई झाल्या, माधव वझे हा मुलगा श्याम झाला. १९५४ साली चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिके पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा सर्वोत्तम चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळाले.

याच अत्र्यांच्या हातून आणखी एक काम झाले, आणि ‘आम्हांला लिहिता येत नाही’ म्हणणाऱ्या माझ्या भगिनींसाठी ते मी मुद्दाम सांगतो. बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शाळेचे तोंड पाहिले नाही. तरुणपणी वैधव्य आले, पोरे लहान. जात्यावर आणि शेतात काम करताना त्या गाणी रचत. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरचे लोक ती उतरवून ठेवत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांचे पुस्तक निघाले. एकही अक्षर न लिहिता आलेल्या बाईचे पुस्तक महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. हात तिचा नव्हता, बोल तिचे होते. तुमच्या घरात शाळेत जाणारे पोर आहे ना? मग तुमच्याजवळ हात आहे.

लिहिण्याने खरोखर बरे वाटते का, याचा शास्त्रज्ञांनीही तपास केला आहे. मी शेतीचा पदवीधर, तेव्हा एखादे खत चांगले म्हटले की प्रयोगाचा प्लॉट कुठे, असे विचारायची मला खोड आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यात जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला बसवले. काहींना साध्या विषयांवर, तर काहींना आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेवर. हा प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. दुःखाबद्दल लिहिणारी मुले लिहिल्या लिहिल्या जास्त खिन्न झाली. पण ज्यांनी काय घडले आणि मनाला काय वाटले हे दोन्ही लिहिले, ती पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. नंतर हा प्रयोग पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी करून पाहिला. फायदा दिसतो, पण तो लहान असतो आणि सर्वांना सारखा होत नाही. एका पोते खताने एकरी दहा पोती धान जास्त येईल असे सांगणारा दुकानदार खोटा असतो, तसेच हे समजा.

आपल्याच तालुक्यातले उदाहरण द्यायचे तर चातगावजवळच्या शोधग्रामचे डॉ. अभय बंग. स्वतः डॉक्टर, औषधे सारी ठाऊक. तरीही हृदयविकारातून उठल्यावर त्यांनी आपले आजारपण आणि चुका लोकांपुढे मांडणारे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले. ती कादंबरी नव्हे, घडलेली हकिगत. पण आपले दुखणे लिहून दुसऱ्याच्या हाती द्यावेसे वाटणे, हे डॉक्टरलाही चुकत नाही.

आता जे सांगणे मला जड जाते ते सांगतो. ‘श्यामची आई’ लिहून ज्यांनी घराघरांतली माणसे रडवली आणि सावरली, त्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःच आपले जीवन संपवले. इतके लिहिणारा, इतक्या लोकांचा लाडका माणूस. तेव्हा वही लिहिली की सारे संपले, असे कोणी समजू नका आणि समजावूही नका. मन फार काळोखे झाले, झोप उडाली, जगणे नको वाटू लागले तर माणसांत या, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा. सरकारची १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन सेवा आहे. मराठीत बोलता येते, नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. आणि घरातला कोणी असा गप्प गप्प झाला तर त्याला धानाबद्दल विचारू नका, त्याच्याबद्दल विचारा.

कर्जाचे म्हणाल तर कागदावर मांडल्याचा साधा व्यवहारी फायदाही आहे. कोणते सोसायटीचे, कोणते बचत गटाचे, कोणते खाजगी, हे एका पानावर आले की कोणते आधी फेडायचे ते दिसते. खाजगी सावकाराकडे परवाना आहे का, तेही विचारायला सुचते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते. पण हे सारे पान लिहिल्यानंतरचे. मनात ठेवलेल्या कर्जाला निबंधक काय करणार?

त्या वहीवाल्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आठ-दहा दिवसांनी मी त्याच्या गावावरून जात होतो. त्याची घरवाली विहिरीवर होती. मला पाहून तिने घागर खाली ठेवली. म्हणाली, पोराने वही वाचून दाखवली. दोन दिवस तिने नवऱ्याशी अबोला धरला होता. कर्जाचा राग नव्हता तिला. “मले कायले नाही सांगतलं,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग दोघांनी बसून मोहफुलाचे आणि तेंदूपत्त्याचे पैसे कुठे घालायचे ते ठरवले. वहीत त्याच्या पानांनंतर तिची दोन पाने आहेत, मुलाच्या अक्षरात. त्यात काय आहे ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

तिने माझ्याकडे ‘श्यामची आई’ मागितले. एक महिन्याच्या बोलीने मी दिले. रोवणीच्या वेळी परत मागायला गेलो, तर ते पलीकडच्या टोल्यावर तिच्या बहिणीकडे गेले होते.